सुरक्षा पॅच थांबले, मुदत मात्र थांबत नाही

कोथरूडच्या एका वाचकांनी ऑक्टोबर 2022 मध्ये तपकीर गल्लीतून फोन घेतला. कंपनीच्या जाहिरातीत चार वर्षे सुरक्षा पॅच, म्हणजे फोनच्या सुरक्षेतील त्रुटी दूर करणारे सॉफ्टवेअर अपडेट, मिळतील असे म्हटले होते. फोनच्या सेटिंग्जमध्ये मात्र शेवटचा पॅच 5 मे 2024 चा दिसतो. 18 जून 2024 रोजी कंपनीने ई-मेलने कळवले की या मॉडेलला यापुढे पॅच मिळणार नाहीत. ‘आता काय करता येईल?’ हा त्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने अनेकांकडून येतो.

तुमच्या प्रकरणाचा निकाल या ई-मेलच्या तारखेवर अवलंबून आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते, आणि कंपनीने स्पष्ट नकार दिला तो दिवस हेच कारण धरले जाण्याची शक्यता सर्वाधिक आहे. म्हणजे 18 जून 2026 पूर्वी तक्रार दाखल झालीच पाहिजे. कंपनीच्या त्या ई-मेलनंतर तुम्ही अकरा स्मरणपत्रे पाठवलीत आणि प्रत्येकाला ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ एवढेच उत्तर आले. अशा पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही. पॅच दर महिन्याला नाकारला जातो, म्हणून कारण दर महिन्याला नव्याने घडते, असा युक्तिवाद करता येईल, पण त्याच्या भरवशावर बसू नये. विलंब माफ करण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे, मात्र त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते, आणि ‘मी ई-मेल पाठवत होतो’ हे तसे कारण ठरेल असे मला वाटत नाही.

तुमच्या हिशेबात आणखी एक चूक आहे. चार वर्षे तुम्ही खरेदीपासून मोजता. कंपन्या बहुधा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात. तुमचे मॉडेल फेब्रुवारी 2022 मध्ये आले, म्हणून वचन फार तर फेब्रुवारी 2026 पर्यंतचे होते. तरीही कंपनीने ते वीस महिने आधी मोडले, आणि मागणी तेवढ्यावरच उभी करावी. गूगलने पिक्सेल 8 ला आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस24 ला सात वर्षांचे आश्वासन दिले, किंवा युरोपीय संघात 20 जून 2025 पासून अपडेट देण्याच्या किमान मुदतीचा नियम लागू झाला, याचा इथे उपयोग नाही. आपल्याकडे अशी किमान मुदत ठरवणारा स्वतंत्र कायदा नसल्याने तुमचा सगळा आधार कंपनीच्या स्वतःच्या शब्दावर आहे.

तो शब्द मात्र तुम्ही जपला नाही. जाहिरातीचे पान आता बदललेले आहे, आणि थर्मल कागदावरचे बिल पांढरे पडले आहे. दुकानदाराकडून आयएमईआय क्रमांकासह (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) बिलाची प्रत आजच मागा, बँकेचा उतारा जोडा आणि पानाची जुनी प्रत मिळाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, प्रमाणपत्र लावा.

तुम्ही पुण्यात राहता, त्यामुळे पुणे जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. कायदा वस्तूच्या तपासणीची गरज नसलेल्या तक्रारीच्या निकालासाठी तीन महिने सांगतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, तेव्हा वर्षांच्या हिशेबाने मनाची तयारी ठेवा. फोन बराच काळ वापरल्यामुळे पूर्ण किंमत परत मिळणे अवघड आहे. काही अंशी भरपाई आणि खर्च मिळू शकेल. नव्या स्मरणपत्राऐवजी आता तक्रारीचा मसुदा करा.