बाई, पोटात दुखालंय

प्रिय पोरी,

परवा फोनवर तू सांगितलंस की बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या पुढं जंगलाकडच्या शाळेत अतिथी शिक्षिका म्हणून लागलीस, पहिली ते पाचवी, सगळी मिळून तीसेक पोरं, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. बाराखडी, पाढे, नलीकलीची (खेळत शिकायच्या पद्धतीची) कार्डं हे तुला जमेल, त्यासाठी सीआरपी, म्हणजे आसपासच्या शाळांना मार्गदर्शन करणारे शिक्षक, येतात, ट्रेनिंग असतं. मी लिहितेय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. ती तीस पोरं सकाळी आईबापानं तुझ्या हातात दिली, ती संध्याकाळी तशीच्या तशी घरी गेली पाहिजेत, अंगानं पण आणि मनानं पण.

मी नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट सांगते, आजवर फार जणांना सांगितलेली नाही. दुसरीत एक मुलगी होती, वाडीवरून वडापनं, म्हणजे भाड्याच्या गाडीनं, यायची. रोज तीन वाजले की तिचं सुरू, "बाई, पोटात दुखालंय." मी ओवा द्यायची, कोपऱ्यात पोतं अंथरून झोपवायची, आणि सुटायच्या वेळेला उठवून वडापमध्ये बसवायची. दहा-बारा दिवस हेच. मला वाटलं शाळेचा कंटाळा, नाहीतर जंत झाले असतील. मग एक दिवस पाऊस लागलेला, गाडी दारात येऊन हॉर्न मारालीय, सगळी पोरं पळाली आणि हिनं माझ्या पदराचा काठ मुठीत धरला. ती मूठ मला सोडवता येईना गं, सात वर्षांची पोर, पण बोटं अशी आवळलेली की नखं पांढरी पडली होती. खाली बसले तिच्यापाशी. म्हणाली, "मला पुढं बसायला नको." एवढंच. ड्रायव्हर तिलाच रोज पुढं बसवून घेत होता, शेजारी.

मी मोठ्या सरांना, मुख्याध्यापकांना, सांगितलं. ते म्हणाले शाळेचं नाव जाईल, पोरीचं पण जाईल, गावात मिटवू. पंच बसले, त्या माणसाला त्या वाडीची फेरी बंद केली, आणि सगळे म्हणाले मिटलं. दोनेक महिन्यांनी मी बसनं जात होते तर स्टँडबाहेर तीच गाडी, तोच माणूस, दुसऱ्या गावच्या शाळेची पोरं भरून घेत होता. मी खिडकीतून बघितलं. उतरले नाही. त्या गावात कुणाला जाऊन सांगितलं पण नाही.

तेव्हा मला कायद्याचा आधार माहीत नव्हता, आज तुझ्याकडं आहे. पोक्सो कायदा, म्हणजे पोरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, अठरा वर्षांखालच्या प्रत्येक पोराला, मुलगी असो की मुलगा. मुलग्यांचं मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडं "पोरग्याला काय होतंय" म्हणून सोडून देतात. या कायद्याप्रमाणं असं काही झालंय असं कळलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणं तुझं काम नाही, तो त्यांचा तपास. कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूनं कळवलं आणि पुढं काही निघालं नाही, तर तुझ्यावर कारवाई होत नाही. म्हणजे "गावात मिटवू" म्हणणाऱ्याला तू शांतपणे सांगू शकतेस की सर, हे मिटवणं हाच गुन्हा आहे. आवाज कापेल तुझा, कापू दे, पण सांग. पोलीस म्हटलं की आपल्या बायका घाबरतात, तर आईला आधीच समजावून सांग की पोरीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथं घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकारी, तेही युनिफॉर्म न घालता, आणि पोराला रात्री स्टेशनात ठेवता येत नाही. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर १०९८, चाइल्ड हेल्पलाइन, फुकट लागतो, पोरांना पण पाठ करून घे. आणि नाव कुठंच जाऊ देऊ नकोस, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नको.

आता आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे, ती ट्रेनिंगमध्ये कुणी सांगणार नाही. पोर मराठीत बोलणार, स्टेशनात लिहिणार कन्नडमध्ये. मधला माणूस चांगला असला तरी लाजतो, आणि पोराचं वाक्य धुऊन पुसून सभ्य करून सांगतो. "मामा गुदगुल्या करतोय, मला नको वाटालंय, दार लावून करतोय" याचं कागदावर नुसतं "गैरवर्तन" होतं, आणि दार लावल्याचं कुठं गेलं? सगळं त्या दारातच होतं. म्हणून एक वही ठेव, साधी दोनशे पानी, कपाटात कुलपात. पोरानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दात, बोबडं असेल तर बोबडं, शरीराच्या जागेला त्यानं जो शब्द वापरला तोच, खाली तारीख, वेळ आणि तुझी सही. त्यात तुझं मत घालू नकोस. आणि पोराला न कळणाऱ्या भाषेत तक्रार लिहिली जात असेल तर दुभाषी द्यायची तरतूद त्याच कायद्यात आहे, ती माग. सीमाभागात भाषेवरून काही मागितलं की लगेच त्याला दुसराच रंग येतो हे मला माहिती आहे, पण इथं तू मराठीसाठी भांडत नाहीस, त्या पोराचं वाक्य पूर्ण पोचावं म्हणून मागतेस, असं स्पष्ट बोल.

ऐकताना पोरासमोर उभी राहू नकोस, खाली बस. "खरं सांग हं" असं तोंडातून काढू नकोस, त्याचा अर्थ पोराला कळतो. "कुणाला सांगणार नाही" असं वचन पण देऊ नकोस, कारण तुला सांगावं लागणार आहे. तेच तेच खोदून विचारायचं नाही, आणि मोठ्या सरांपुढं, मग एसडीएमसीच्या (शाळेच्या पालक समितीच्या) अध्यक्षांपुढं, मग अजून कुणापुढं पोराला परत परत सांगायला लावायचं नाही. एवढं म्हण, "सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही." मुळात पोरं सरळ येऊन सांगतच नाहीत बघ. पोटात दुखतं, कुणी दिवसभर शू धरून ठेवतं, बडबडं पोर मुकं होतं, एखादं पोर एका ठराविक माणसाचं नाव निघालं की पाटीकडंच बघत बसतं. प्रत्येक पोटदुखीमागं तसलंच काही असतं असं नाही, बहुतेक वेळा खरंच जंत असतात, पण वेळ बघायची, रोज त्याच वेळेला दुखतंय का ते.

आणि छडी. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला, त्यात मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला बंदी आहे, तरी आपल्या शाळांत टेबलावर फूटपट्टी असतेच आणि पालकच येऊन म्हणतात, "बाई, हाणा की त्याला." पाढा चुकला म्हणून मार खाल्लेलं पोर त्याहून मोठी गोष्ट तुझ्याकडं घेऊन कसं येईल? मी पण मारलंय सुरुवातीला. त्या मुलीच्या वर्गात माझ्या टेबलावर छडी होती, आणि ती बारा दिवस पोटावरच का थांबली याचं एक उत्तर मला त्यात दिसतं.

बाकीचं भराभर लिहिते. पहिल्या आठवड्यात एकदा पोरांच्या उंचीवर बसून सगळी शाळा बघ, म्हणजे स्विचबोर्ड कुठं हाताला लागतो, टाकीचं झाकण हलतंय का, संडासाची कडी आतून अडकते का, सगळं दिसेल. २०१९ च्या पुरात भिजलेल्या किती भिंती आपल्या जिल्ह्यात पडल्या तुला आठवत असेल, पोपडे आलेल्या भिंतीपाशी पोरं बसवू नकोस आणि लेखी कळव, तोंडी सांगितलेलं कुठंच राहत नाही. आसपास बंद पडलेली बोअरवेल असेल तर आधी झाकण घाल, २०१७ च्या एप्रिलात आपल्याच अथणी तालुक्यात झुंजरवाडला सहा वर्षांची मुलगी उघड्या बोअरमध्ये पडून गेली. जेवणाचं तर डोळ्यात तेल घालून बघ. २०१३ साली बिहारमध्ये छपऱ्याकडं शाळेच्या जेवणात कीटकनाशक मिसळलेलं तेल गेलं आणि २३ पोरं गेली, म्हणून तेलाचा डबा कुठून आला ते विचार आणि आधी मोठ्यांनी चव घ्यायची. २०२३ ला कलबुर्गी जिल्ह्यात दुसरीतली मुलगी सांबाराच्या गरम भांड्यात पडली, वाचली नाही. तुझ्या शाळेत स्वयंपाकाच्या आक्का भांडं दारातच उतरवत असतील तर हात जोडून सांग, भांडं आत, रांग बाहेर. सकाळच्या दुधाचं पण तसंच.

तुझ्याकडं पाऊस लई. जुलैत ओढ्याला पाणी चढलं की पलीकडच्या वाडीच्या पोरांना लवकर सोडायचं, पण एकटं नाही, मोठं माणूस आल्यावरच, आणि ते माणूस पोराच्या ओळखीचं आहे का हे पोरालाच विचारून. "मी मामा आहे" म्हणाला तरी आईला फोन लाव. रेंज नसते हे माहिती आहे मला, तर पोर शाळेतच थांबव, तू पण थांब. कुणी चिडलं तर चिडू दे. वडापवाल्यांची नावं, गाडी नंबर, कोण पोर कुठं बसतं हे पण त्याच वहीत लिही, आणि महिन्यातनं एकदा त्या गाडीतनं स्वतः जा.

वही मी आणून ठेवलीय, बाजाराच्या दिवशी खाली येशील तेव्हा घेऊन जा. पहिल्या पानावर १०९८ आणि पोलिसांचा ११२ लिहिलेत, स्टेशनाचा नंबर तू घाल. त्या वडापवाल्याच्या गोष्टीतलं मला आठवतंय तेवढं मी शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय, त्या मुलीच्या शब्दात, नाव न घालता. तेव्हा लिहिलं नव्हतं.

तुझ्या बाई