लिंक सर्वांसाठी खुली करण्यापूर्वी: संस्थेबाहेरच्या व्यक्तींना दस्तऐवज का उघडत नाहीत

आपला प्रश्न मला असा समजला आहे. आपल्या शैक्षणिक न्यासाची कागदपत्रे गूगल वर्कस्पेसच्या, म्हणजे गूगलच्या संस्थांसाठीच्या सेवेच्या, ड्राइव्हवर आहेत. लेखापरीक्षणासाठी सनदी लेखापालांच्या कार्यालयाला एक फोल्डर द्यायचा आहे आणि सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) निधी देणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांना लाभार्थ्यांची यादी व खर्चाचा तक्ता दाखवायचा आहे. दोन्हीकडे परवानगी नसल्याचा पडदा येत होता. दोन आठवडे हा घोळ चालल्यावर आपण फोल्डर ‘लिंक असलेले कोणीही’ या पर्यायावर ठेवला. त्यामुळे लेखापालांचे काम सुरू झाले, पण कंपनीत ती लिंक अजूनही उघडत नाही. आणि लिंक अशी खुली ठेवणे योग्य आहे का, असे आपण विचारले आहे.

योग्य नाही. हे उत्तर पुढे वाचण्यापूर्वी ती लिंक पुन्हा ‘मर्यादित’ करा. इंग्रजी पडद्यावर हाच पर्याय ‘रिस्ट्रिक्टेड’ या नावाने दिसतो. लेखापालांचे काम एखादा दिवस अडेल, ते चालेल. वर्कस्पेसला ‘जी सूट’ या जुन्या नावाने ओळखत असत तेव्हापासून मी अशा संस्थांची खाती सांभाळते आहे, आणि हे इतक्या ठामपणे सांगण्यामागे एक अनुभव आहे. मी काम करत होते त्या एका संस्थेत शिष्यवृत्तीच्या यादीची लिंक मार्चच्या घाईत ‘तात्पुरती’ खुली केली गेली. यादीत मुलांची नावे, पालकांचे मोबाइल क्रमांक आणि बँक खात्यांचे क्रमांक होते. लिंक कार्यकर्त्यांच्या एका व्हॉट्सॲप गटावर गेली आणि तिथून आणखी कुठे कुठे गेली. दिवाळीनंतर एका रात्री मी त्याच तक्त्यात काम करत असताना वरच्या कोपऱ्यात एका अनामिक प्राण्याचे चित्र दिसले, थोड्या वेळाने दुसरे. ज्यांना नावानिशी परवानगी दिलेली नाही अशी माणसे खुल्या लिंकवरून आत आली की ड्राइव्ह त्यांना असेच दाखवते. लिंक मी त्याच रात्री बंद केली, पण मधल्या आठ महिन्यांत ती यादी किती जणांनी उतरवून घेतली, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. ज्या पालकांनी विश्वासाने पासबुकाच्या प्रती दिल्या होत्या त्यांना काय सांगायचे, हा प्रश्न मला अजूनही छळतो. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली संसदेने कायदा केला आहे आणि तो माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेवर टाकतो. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते.

आता मूळ अडचणीकडे येते. माझ्या अनुभवात अशा तक्रारींपैकी बहुतेकांचे कारण एकच निघते: आपण ज्या पत्त्याला परवानगी दिली तो पत्ता वेगळा आणि लिंक उघडणाऱ्या माणसाच्या ब्राउझरमध्ये त्या क्षणी चालू असलेले खाते वेगळे. निमंत्रणाचे पत्र लेखापालांच्या कार्यालयाच्या पत्त्यावर नीट पोहोचलेले असते, म्हणून दोन्ही बाजूंना वाटते की परवानगी मिळाली आहे. पण पत्र कुठे पोहोचले, याच्याशी ड्राइव्हला काही देणेघेणे नसते. लिंक उघडली तेव्हा कोणते गूगल खाते चालू होते, एवढेच ते पाहते. लेखापालांच्या कार्यालयात तर आणखी एक गोष्ट घडते. निमंत्रण भागीदारांच्या नावाने जाते आणि प्रत्यक्ष व्हाउचर तपासायला बसतो तो आर्टिकल, म्हणजे त्यांच्याकडे शिकणारा उमेदवार. साहेब त्याला लिंक पुढे पाठवतात, तो ती स्वतःच्या जीमेलमधून उघडतो आणि त्याला अर्थातच दार बंद दिसते, कारण त्याचे नाव आपल्या यादीत कधी आलेलेच नसते.

त्यामुळे पहिले काम म्हणजे फोन करणे. प्रत्यक्ष काम कोण करणार आहे ते विचारा, आणि त्या व्यक्तीला परवानगी नाकारणाऱ्या पडद्यावर कोणता ईमेल पत्ता लिहिलेला आहे तो वाचून दाखवायला सांगा. या एका प्रश्नाने बऱ्याच तक्रारी तिथल्या तिथे मिटतात. एकाच ब्राउझरमध्ये दोन-तीन खाती उघडी असतील, तर लिंक बहुधा पहिल्या खात्यात उघडते. आपण पत्त्याच्या पट्टीतून लिंक उचलून पाठवली असेल तर तिच्यात कधी कधी ‘यू’ आणि त्यापुढे शून्य किंवा एक असा तुकडा असतो. तो आपल्या संगणकावरील खात्यांचा क्रम असतो आणि समोरच्याच्या संगणकावर तो क्रम वेगळाच असतो. म्हणून लिंक नेहमी ‘शेअर करा’च्या चौकटीतील ‘लिंक कॉपी करा’ या बटणानेच घ्यावी. समोरच्याने ब्राउझरची गुप्त (इन्कॉग्निटो) विंडो, जिच्यात आधीचे कोणतेही खाते चालू नसते, उघडून त्यात फक्त योग्य खात्याने प्रवेश केला, तर खात्यांची ही सरमिसळ आहे की नाही ते लगेच कळते.

कार्यालयाचा ईमेल गूगलवर नसेल तरी नवे जीमेल काढण्याची गरज नाही. ज्या पत्त्यावर आपण निमंत्रण पाठवले त्याच पत्त्यावर गूगल खाते तयार करता येते आणि परवानगी लगेच लागू पडते. खाते काढायचेच नसेल, तर वर्कस्पेसमध्ये पाहुणा म्हणून प्रवेश देण्याची सोय आहे: त्या व्यक्तीच्या ईमेलवर पिन येतो, तो टाकला की दस्तऐवज उघडतो, आणि ही ओळख सात दिवस टिकते, त्यानंतर पुन्हा पिन मागवावा लागतो. मात्र आपल्या प्रशासकाने ही सोय बंद ठेवलेली नाही ना, हे पाहावे लागेल. महिनाभर चालणाऱ्या लेखापरीक्षणासाठी मी स्वतः खाते काढायलाच सुचवीन, कारण चार जणांच्या सामाईक टपालपेटीत आलेला पिन कोणी वापरला हे नंतर सांगता येत नाही.

इथेच एक धोका सांगायला हवा. परवानगी नाकारली गेली की समोरची व्यक्ती ‘प्रवेशाची विनंती करा’ हे बटण दाबते आणि आपल्याकडे एका अनोळखी जीमेल पत्त्यावरून विनंती येते. कामाच्या गर्दीत कोणीतरी ती मंजूर करून टाकते. पत्त्यात लेखापालांचे आडनाव दिसले म्हणजे तो त्यांचाच पत्ता आहे असे होत नाही. माहितीच्या क्रमांकावर फोन करून खात्री झाल्याशिवाय एकही विनंती मंजूर करू नये. दुसरे असे की ही विनंती दस्तऐवजाच्या मालकाकडे जाते. तो मालक संस्था सोडून गेलेला लिपिक असेल आणि त्याची टपालपेटी कोणी पाहत नसेल, तर विनंत्या तिथेच साचत राहतात.

फोल्डर उघडतो पण आतली एखादी फाइल उघडत नाही, असेही आपण लिहिले आहे. याचे कारण जवळपास नक्कीच शॉर्टकट, म्हणजे दुसरीकडे असलेल्या मूळ फाइलकडे नेणारी नुसती खूण, हे आहे. २०२० पर्यंत ड्राइव्हमध्ये एकच फाइल दोन फोल्डरांत ठेवता येत असे; त्या वर्षीपासून दुसऱ्या जागी फक्त शॉर्टकट ठेवता येतो. फोल्डर शेअर केल्याने आतल्या शॉर्टकटमागच्या मूळ फाइलची परवानगी मिळत नाही. चिन्हावरचा छोटा वळलेला बाण पाहून असे शॉर्टकट शोधा आणि मूळ फाइल लेखापरीक्षणाच्या फोल्डरमध्ये हलवा. हलवताना लक्षात असू द्या की जुन्या फोल्डरमुळे ज्यांना ती दिसत होती त्यांना ती दिसणे बंद होऊ शकते, कारण वारशाने आलेली परवानगी फोल्डरबरोबर बदलते.

पत्ता बरोबर आहे, खाते बरोबर आहे आणि तरीही शेअर करतानाच नकार येत असेल, तर अडचण संस्थेच्या धोरणात आहे. वर्कस्पेसचा प्रशासक बाहेर शेअर करणे पूर्ण बंद ठेवू शकतो, ठरावीक डोमेनपुरतेच (ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या संस्थेच्या नावापुरतेच) खुले ठेवू शकतो किंवा सर्वांसाठी खुले ठेवू शकतो; शिवाय हे धोरण प्रत्येक विभागासाठी वेगळे असू शकते. शाळांमध्ये विद्यार्थ्यांची खाती बंद ठेवलेली असतात, ते योग्यच आहे, पण कधी कधी लेखा विभागाची खातीही चुकून त्याच विभागात पडलेली असतात. दस्तऐवज एखाद्या व्यक्तीच्या ‘माय ड्राइव्ह’मध्ये, म्हणजे तिच्या स्वतःच्या जागेत, असेल तर त्या व्यक्तीच्या विभागाचे धोरण लागू होते; शेअर्ड ड्राइव्हमध्ये, म्हणजे संस्थेच्या सामाईक जागेत, असेल तर त्या ड्राइव्हच्या स्वतःच्या सेटिंगांचेही बंधन येते. तिथे बाहेरच्या व्यक्तींना परवानगी आहे का आणि सदस्य नसलेल्यांना परवानगी आहे का, अशी दोन वेगवेगळी बटणे आहेत. पहिले चालू करून दुसरे विसरणे फार वेळा घडते.

कंपनीचे प्रकरण वेगळे आहे. खुली लिंकही उघडत नाही, याचा अर्थ बहुधा अडथळा त्यांच्या बाजूला आहे आणि आपण आपल्याकडे कितीही सैल सोडले तरी तो हटणार नाही. खात्री करण्यासाठी ‘चाचणी’ एवढा एकच शब्द लिहिलेला नवा दस्तऐवज तयार करा आणि फक्त तोच सर्वांसाठी खुला करून अधिकाऱ्यांना पाठवा. तो त्यांच्या मोबाइलवर, मोबाइलच्या डेटावर उघडला आणि कार्यालयातील संगणकावर गुप्त विंडोतही उघडला नाही, तर कंपनीच्या नेटवर्कवर ड्राइव्ह बंद आहे. गुप्त विंडोत उघडला पण त्यांच्या कामाच्या गूगल खात्यातून उघडला नाही, तर बाहेरच्या फाइली स्वीकारण्यास त्यांच्या प्रशासकाची मनाई आहे, कारण गूगलमध्ये पाठवण्यावर जसे बंधन घालता येते तसे स्वीकारण्यावरही घालता येते.

दोन्ही स्थितींत अधिकाऱ्यांना वैयक्तिक जीमेलवरून पाहण्याची गळ घालू नका. ते आपल्या सोयीसाठी त्यांच्या कंपनीचा नियम मोडतील. त्याऐवजी त्यांच्या बाजूच्या जागेत कागद ठेवण्याची परवानगी मागा. मोठ्या कंपन्यांत बहुधा शेअरपॉइंट, म्हणजे मायक्रोसॉफ्टची कागदपत्रे ठेवण्याची सोय, असते. तिथेही पूर्ण कंपनीचे एक आणि त्या साइटचे एक, असे दोन स्तरांचे नियम असतात आणि त्यांतला जो अधिक कडक असेल तो चालतो. म्हणून संबंधित अधिकाऱ्याने ‘मी तर शेअर केले’ असे सांगूनही आपल्याला ते उघडणार नाही, असे होऊ शकते. आपल्याला आलेले निमंत्रण ज्या पत्त्यावर आले त्याच पत्त्याने उघडा आणि ते दुसऱ्या सहकाऱ्याकडे पुढे पाठवू नका. लेखापालांकडे जी गफलत झाली तीच इथे आपल्याकडून होऊ शकते.

लाभार्थ्यांच्या यादीबद्दल मला आणखी एक गोष्ट आग्रहाने म्हणायची आहे. कंपनीला खर्चाचा हिशेब हवा असतो, मुलांच्या बँक खात्यांचे क्रमांक नव्हे. त्यांच्यासाठी वेगळा तक्ता तयार करा, ज्यात नोंदणी क्रमांक, तालुका, इयत्ता आणि रक्कम एवढेच रकाने असतील. आधारचा उल्लेख करावाच लागला तर शेवटचे चार अंक पुरेत. मूळ तक्त्यातील रकाने नुसते लपवून तोच तक्ता पाठवू नका, कारण त्याची प्रत काढणाऱ्याला लपवलेले रकाने पुन्हा उघडता येतात. वेगळा तक्ता करायला एक दुपार जाते, पण त्यानंतर तो कोणाच्या हाती पडला तरी एकाही मुलाचे नुकसान होत नाही.

लेखापरीक्षणाचे कागद कायमचे कुठे असावेत, हेही याच वेळी ठरवून टाका. आपल्या वर्कस्पेसच्या आवृत्तीत शेअर्ड ड्राइव्ह असेल तर त्या आर्थिक वर्षाच्या नावाने एक काढा. तिथल्या फाइलींची मालकी व्यक्तीकडे न राहता संस्थेकडे राहते. माय ड्राइव्हमधील फाइली मात्र व्यक्तीच्या असतात; कर्मचारी सोडून गेल्यावर फाइली दुसऱ्याकडे न सोपवता त्याचे खाते काढून टाकले, तर प्रशासकाला ते परत आणण्यासाठी फक्त २० दिवस मिळतात. लेखापालांना ‘दर्शक’ किंवा ‘टिप्पणीकर्ता’ एवढेच अधिकार द्या. व्यक्तीच्या नावासमोर परवानगीची अंतिम तारीख घालता येत असेल तर ती जरूर घाला; सप्टेंबरअखेर अहवाल द्यायचा असेल तर ऑक्टोबरच्या मध्याची तारीख पुरेशी ठरते.

लेखापालांनी त्यांच्या खात्यात तयार केलेला ताळेबंद आपल्याकडे हवा असेल, तर त्याची मालकी त्यांच्या खात्यातून आपल्या संस्थेच्या खात्यात बदलून घेता येत नाही. आपल्या खात्यातून त्याची प्रत काढून ती शेअर्ड ड्राइव्हमध्ये ठेवावी. प्रत काढताना मूळ फाइलवरील टिप्पण्याही बरोबर घेण्याचा पर्याय निवडा, कारण लेखापालांच्या शंका बहुधा त्या टिप्पण्यांतच असतात.

एवढे करूनही एखादी फाइल अडली, तर ती माय ड्राइव्हमध्ये आहे की शेअर्ड ड्राइव्हमध्ये, निमंत्रण कोणत्या प्रकारच्या पत्त्यावर गेले, समोरच्याच्या पडद्यावर नेमकी कोणती ओळ आली आणि गुप्त विंडोत काय झाले, एवढे मला लिहून कळवा; कोणाचाही खरा पत्ता किंवा खरी लिंक मात्र इथे टाकू नका.