निकालाच्या दिवशी नाही, अर्ज भरायच्या दिवशी भांडा

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही इंदूरच्या राजेंद्रनगरची हौशी मंडळी, कोणी बँकेत कोणी शाळेत, चार महिने रोज रात्री तालीम करून सौभद्र हे संगीत नाटक बसवलं, दोन तासांत बसेल असं कापून. इथल्याच एका संगीत नाट्यस्पर्धेत केलं. आमच्या सुभद्रेला, म्हणजे नायिकेचं काम करणाऱ्या मुलीला, वन्स मोअर मिळाला, लोक उभे राहिले, आणि गायिका-अभिनेत्रीचं बक्षीस दुसऱ्याच ग्रुपच्या मुलीला. नंतर कळलं की तीन जजपैकी दोघांनी आमच्या मुलीला पहिलं ठेवलं होतं, 82 आणि 80, त्या दुसरीला 79 आणि 78. तिसऱ्यांनी आमच्या मुलीला 62 आणि तिला 88 दिले, आणि ती त्यांच्याकडेच गाणं शिकते हे सगळ्या इंदूरला माहीत आहे. वर वन्स मोअरमुळे वेळ गेला म्हणून आमच्या नाटकाचे 5 मार्क कापले. मुलगी आता गाणंच नको म्हणते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळं उघड लिहावं का?

उत्तर: ग्रुपवर लिहू नका. तुमचं चुकलंय म्हणून नाही सांगत. तिथे दोन दिवसांत मार्क बाजूला राहतील आणि कोणाचा कोण मेहुणा हेच चालेल, आणि मार तुमच्या मुलीलाच बसेल. पण मला तुमचा राग पटतो, अगदी पटतो, म्हणून आकडे घेऊन बसले.

तुमच्या मुलीची बेरीज 224, तिची 245. तीनपैकी दोन जज म्हणतात तुमची चांगली, तरी ती 21 मार्कांनी पुढे. कारण पहिल्या दोघांचं अंतर आहे 3 आणि 2, आणि तिसऱ्यांचं एकट्याचं 26. नुसती बेरीज करायची म्हटली की ज्याचा हात जास्त लांब पसरतो तोच निकाल ठरवतो, बाकीच्यांनी मार्क दिले काय नि न दिले काय. यात बेइमानी असायलाच पाहिजे असं नाही हो. नाटकवाले जज सगळ्यांना 75 ते 85 मध्येच ठेवतात, गाण्याचे गुरुजी बेसूर लागलं की सरळ 50 वर आणतात, त्यांची शिकवायची सवयच ती. मी स्वतः एका वर्षी जज होते, मीही असेच 45 पासून 90 पर्यंत मार्क वाटले आणि घरी येऊन बेरीज बघितली तेव्हा लक्षात आलं की बाकी दोघांनी त्या दिवशी काहीच ठरवलं नव्हतं, सगळं मीच ठरवलं होतं. त्या रात्री झोप लागली नाही मला, आजही त्या ग्रुपमधलं कोणी भेटलं की आठवतं.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक जजचे मार्क नंबरात बदलायचे, पहिला दुसरा तिसरा, आणि नंबरांची बेरीज करायची, कमी बेरीज तो वर. तुम्हा दोघींपुरतं धरलं तर तुमच्याकडे 1, 1, 2 म्हणजे 4. तिच्याकडे 2, 2, 1 म्हणजे 5. तुमची पहिली. आता नंबर लावण्यातही खोट आहे, एखादी खरोखरच सगळ्यांच्या फार वर असली तर ती आणि जेमतेम वर असलेली दोघी नुसत्या पहिल्याच दिसतात. म्हणून मला त्याहून आवडतं ते हे की पहिलं नाटक झालं की तिन्ही जजनी दहा मिनिटं बसायचं, तुमचे 70 म्हणजे काय आणि माझे 70 म्हणजे काय ते बोलून घ्यायचं आणि मगच पुढे जायचं. दहा मिनिटं फक्त, पण कोणी देत नाही, मधल्या वेळात सगळे चहा घेत असतात.

शिष्येचं मात्र वेगळं. गुरूने शिष्येला मार्क द्यायचेच नाहीत. इंदुरात गाणं शिकवणारे किती आणि स्पर्धेत गाणाऱ्या मुली किती, कोणीतरी कोणाचं निघणारच, त्यात लपवण्यासारखं काही नाही, आधीच सांगायचं की ही माझ्याकडे शिकते आणि त्या बक्षिसापुरतं कागद खाली ठेवायचा, बाकी दोघांची सरासरी धरायची. इथे तसं झालं असतं तर तुमची 81 आणि तिची 78.5. त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, मला ते माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. आपण घडवलेला गळा आपल्या कानाला गोडच लागतो, त्यासाठी माणूस खोटा असावा लागत नाही. म्हणूनच नियम हवा.

वन्स मोअरच्या मार्कांचं वाचून मला जास्त वाईट वाटलं. 1880 मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल हे संगीत नाटक उभं केलं, पुरतं सात अंकी झालं तेव्हा त्यात दोनशेच्या वर पदं होती, आणि पुढे कित्येक वर्षं लोक वन्स मोअर घेत घेत पहाट करायचे. तुम्ही केलेलं सौभद्रही त्यांचंच, 1882 चं. हा सगळा खेळच प्रेक्षकाने पद परत मागण्यावर वाढलेला आहे आणि आपण त्याचेच मार्क कापतो? एकतर आयोजकांनी आधी जाहीर करावं की वन्स मोअर घेता येणार नाही, नाहीतर तेवढा वेळ घड्याळातून काढावा. दोन्ही चालेल. काहीच न सांगता मागून 5 मार्क कापणं चालणार नाही.

आता तुम्ही करायचं काय. हा निकाल बदलणार नाही, तो बदला म्हणून जाऊही नका. पुढच्या वर्षीचे अर्ज निघाले की भरायच्या आधी चौघांनी जाऊन लेखी विचारा, मार्कांचा कागद कसा आहे, बेरीज कशी करणार, जजचे शिष्य किंवा नातलग असले तर काय, वन्स मोअरचं काय, आणि निकालानंतर आपापले मार्क बघायला मिळणार का. गायनाला किती आणि अभिनयाला किती हेही विचारा, कारण महाराष्ट्र शासनाच्या राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांची स्पर्धा वेगळी ठेवतात ती उगाच नाही, गाणारं नाटक तोलायचा काटाच वेगळा लागतो. माझ्यापुरतं सांगते, मी बघते ते पद सुरू झाल्यावर ती बाई सुभद्राच राहते की मैफलीतली गायिका होते. बऱ्याच मुली पदाला पुढे येतात, डोळे मिटतात, तानेवर तान, आणि मागे बिचारा अर्जुन सहा मिनिटं खांबासारखा उभा. सूर कितीही पक्का असू दे, तिथे माझे मार्क जातात. तुमच्या मुलीचं काय झालं होतं ते रेकॉर्डिंग असेल तर एकदा शांतपणे बघा. 62 का मिळाले याचं थोडं उत्तर तिथेही असू शकतं, सगळं नाही, पण थोडं.

आणि नाटक परत करा, लवकर करा. चार महिने तालीम, सेट, शालू, दागिने, आणि प्रयोग एक! मला बक्षीस जाण्यापेक्षा याचं जास्त दुःख होतं, इतक्या मेहनतीचं नाटक एका रात्रीत संपतं आणि मग त्या एका रात्रीचा निकाल छातीवर दगडासारखा बसतो. कॉलनीच्या हॉलमध्ये करा, वेळेचं बंधन ठेवू नका, मागतील तितके वन्स मोअर द्या. मुलीला गाणं सोडू नको असं समजावत बसू नका, फक्त तारीख सांगा.

प्रश्न: मी तबला वाजवतो, अठरा वर्षं झाली. संगीत नाटकाच्या स्पर्धेत नेपथ्याला बक्षीस, रंगभूषेला बक्षीस, साथीला नाही. एका ग्रुपने तर सगळं रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर वाजवलं आणि त्यांचा नंबर आला. आम्ही कशाला यायचं?

उत्तर: दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, यात मला दुसरी बाजू दिसतच नाही. बालगंधर्वांच्या कंपनीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष होते, लोक साथ ऐकायलाही तिकीट काढायचे. आणि आपलं इंदूर तर नाना पानसेंच्या पखवाजाचं, जहांगीर खाँसाहेबांच्या तबल्याचं गाव, इथे साथीला बक्षीस नाही हे मनाला लागतं. ट्रॅकचं म्हणाल तर छोट्या ग्रुपला ऑर्गनवाला मिळत नाही, पुण्याहून बोलावला तर येणंजाणं, राहणं, मानधन, खर्च कुठल्या कुठे जातो, ते मला कळतं. म्हणून बंदी नको. पण ट्रॅकवर गाणारा ट्रॅकच्या मागे जातो आणि तुमच्यासारखा माणूस बसला की तबला गाणाऱ्याच्या मागे जातो, एखादीचा श्वास अडकला तर तुम्ही तिला एक आवर्तन, तालाचा एक पूर्ण फेरा, देता, हे जजच्या कागदावर आलंच पाहिजे. तुम्ही साथीदार पाच-सहा जण असाल गावात. सगळे मिळून आयोजकांना सांगा की साथीचं बक्षीस ठेवा. तुम्ही नाही आलात तर नांदीच, नाटकाचं सुरुवातीचं पदच, होणार नाही हे त्यांनाही ठाऊक आहे.

प्रश्न: ताई, मला यंदा बक्षीस मिळालं, माझे गुरुजी जज होते. मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं. आता दुसऱ्या ग्रुपच्या मुली बोलत नाहीत, माझ्याच ग्रुपमधले काही जण हसतात. ट्रॉफी परत देऊ का?

उत्तर: बाळ, परत देऊ नको. दिलीस तर लोक म्हणतील बघा, काहीतरी होतंच, आणि तू त्या दिवशी जे गायलीस त्यावर कायमची रेघ ओढली जाईल. तू काही मागितलं नव्हतंस. पण पुढच्या वेळी अर्जावरच लिही की मी अमक्यांकडे शिकते, ते जज असतील तर त्यांचे मार्क धरू नका. आणि आधी गुरुजींना तसं सांग, नीट नमस्कार करून. ते रागावतील असं मला नाही वाटत, आणि रागावले तरी सांग.

अजून एक करशील? 1921 च्या जुलैत मुंबईला संयुक्त मानापमान झालं, म्हणजे मानापमान हे संगीत नाटक दोन कंपन्यांनी मिळून केलं, टिळक स्वराज्य फंडासाठी. केशवराव भोसले नायक धैर्यधर आणि बालगंधर्व नायिका भामिनी, दोन चढाओढीच्या कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. कोण जास्त गायलं यावर लोक वर्षानुवर्षं वाद घालत राहिले, पण त्या रात्री दोघं एकमेकांसमोर उभे राहून गायले. ज्या मुलीचं बक्षीस तुला मिळालं असं लोक म्हणतात तिला फोन कर. बक्षिसाबद्दल बोलू नको, एवढंच विचार की गणपतीत आपण दोघी मिळून नाट्यपदांचा कार्यक्रम करूया का, तीन पदं तुझी, तीन माझी, नांदी दोघींनी. पहिल्या फोनला नाही म्हणेल कदाचित. आठ दिवसांनी परत कर. आणि हो म्हणाली तर तालीम तुमच्या दोघींच्या घरांच्या मधे कुठेतरी ठेवा, म्हणजे कोणालाच कोणाच्या दारात गेल्यासारखं वाटणार नाही.