रिटायर होऊन वकिलीला निघालात? आधी बारावी बघा

दादा, तुमची पोस्ट वाचली. कोरेगावकडचे, दहावीवर भरती, १७ वर्षं सर्व्हिस करून हवालदार म्हणून पेन्शनवर आलात, हातात फौजेचं ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट आहे. त्यावर साताऱ्यात तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश मिळेल का, असं विचारलंय. नाही मिळणार. सीईटीचा (कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा) फॉर्म भराल, परीक्षाही द्याल. गाडी अडते ती कागद तपासताना.

ते सर्टिफिकेट नोकरीपुरतं आहे. दहावी पास आणि १५ वर्षं सर्व्हिस असलेल्या माजी सैनिकाला पदवी लागणाऱ्या गट क च्या पदांसाठी अर्ज करता यावा, म्हणून ते देतात. विद्यापीठाच्या लेखी तुम्ही अजून दहावी पासच.

आणि खरं नुकसान याच्या पुढच्या पायरीवर होतं. आपल्या भागातल्या एका कार्यालयात (नाव घेत नाही) येईल त्या फौजीला ठोकून सांगतात, "मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारीचा कोर्स करा, मग बी.ए. करा, बारावीची गरजच नाही." बी.ए.पुरतं ते खरं आहे. पण कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत, नियम ५ खालच्या स्पष्टीकरणात, आधीचा शैक्षणिक पाया (म्हणजे दहावी-बारावी) नसताना मुक्त विद्यापीठातून थेट घेतलेली पदवी कायद्याच्या प्रवेशाला चालत नाही. हे कळतं ते पदवी हातात आल्यावर, म्हणजे वर्षं आणि फी दोन्ही गेल्यावर. "पदवी घेऊन पुढे काय करणार?" एवढं एक वाक्य खिडकीवरच्या माणसाने विचारलं तर हे टळतं. कुणी विचारत नाही. फौजी माणूस समोरच्याचं ऐकतो, सांगितलेलं निमूट करतो, म्हणून जास्त चीड येते.

दूरशिक्षणाचं वावडं नाही, हेही नीट समजून घ्या. त्याच नियमात दूरशिक्षणाने केलेली बारावी आणि पदवी मान्य आहे. क्रम तेवढा दहावी, बारावी, पदवी असाच हवा. बारावी १७ नंबरचा फॉर्म भरून बोर्डाची करा किंवा एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची), कला शाखेतून. मार्क मात्र काढा: खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, ओबीसीला ४२, एससी-एसटीला ४०. ४४.५० चे ४५ करून देत नाहीत.

माझं मत विचाराल तर, मी कुठला अधिकारी नाही, त्या वर्षीची सीईटी सेलची माहिती पुस्तिका स्वतः वाचा; पण फौजेतून बाहेर पडलेल्या माणसाने बारावीनंतर पाच वर्षांचाच कोर्स धरावा. बी.ए. तीन अधिक एलएलबी तीन म्हणजे सहा होतात, शिवाय मधे पुन्हा एक सीईटी. जे अजून युनिटमध्ये आहेत त्यांचं गणित उलटं. त्यांनी बारावी आणि बी.ए. सर्व्हिसमध्येच उरकावं, म्हणजे घरी आल्यावर तीनच वर्षं राहतात. एलएलबी दूरशिक्षणाने होत नाही, ७० टक्के हजेरी लागते. एमआयडीसीत दिवसपाळीची सिक्युरिटी धरून कॉलेज जमेल, या भ्रमात राहू नका. इंग्रजीला सगळ्यात जास्त मार्क तीन वर्षांच्या कोर्सच्या सीईटीत आहेत, पाच वर्षांच्या नाही. चुकीच्या उत्तराला मात्र दोन्हीकडे मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

नावाचं आत्ताच बघा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असतं. डिस्चार्ज बुकात बऱ्याचदा आडनाव गळालेलं किंवा स्पेलिंग वेगळं. बारावीपासून सनदेपर्यंत (वकिलीच्या परवान्यापर्यंत) प्रत्येक फॉर्म दहावीच्या स्पेलिंगनेच भरा. डिस्चार्ज बुक आणि पीपीओमधली (पेन्शनच्या आदेशातली) चूक रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्त करायला वेळ लागतो, तो अर्ज आजच टाका.

सनदेबद्दलही विचारलंत. पेन्शन चालू असली तरी सनद मिळते, पेन्शन म्हणजे पगार नव्हे. पूर्णवेळ पगारी नोकरी असेल तर मात्र वकिली करता येत नाही. नोंदणीची फी सुप्रीम कोर्टाच्या २०२४ च्या निकालानंतर एससी-एसटीला १२५ आणि बाकी सगळ्यांना ७५० रुपये; मुद्रांक शुल्क सोडून त्याच्यावर "इतर शुल्क" मागितलं तर निकालाचा हवाला द्या. त्यानंतर ऑल इंडिया बार परीक्षा दोन वर्षांच्या आत पास व्हावी लागते.