शाळेचा नियम आणि पीटी सरांची कात्री

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. मुलगा तेरा वर्षांचा, एका संस्थेच्या अनुदानित मराठी हायस्कुलात आठवीला. दसऱ्याच्या सुट्टीत कोल्हापूरला मामाकडे गेला आणि मामेभावासोबत सलूनमध्ये बसून आला: बाजू बारीक, वर झुलपं, त्यांना सोनेरी रंग. शाळा उघडली त्या दिवशी प्रार्थनेला सगळ्यांसमोर पीटी सरांनी पुढचे केस कात्रीने वेडेवाकडे कापले आणि सांगितलं, केस काळे करून ये, नाहीतर दाखला घेऊन जा. आठवडा झाला, मुलगा घरीच आहे. शाळेला हा अधिकार आहे का, पोलिसांत जावं का, मामाने पाठवलेला महाराष्ट्राचा जीआर चालेल का, असं ताई विचारतात. शिवाय, ‘आपल्याच मराठी शाळेवर तक्रार केली असं नको व्हायला,’ ही धाकधूक आहेच.

ताई, केसांवर भांडू नका, कात्रीवर भांडा. या दोन गोष्टी एकत्र केल्या की शाळेला रंगाचं बोलत बसता येतं आणि कात्रीचा विषय मागे पडतो.

केस कसे असावेत हे शाळा ठरवू शकते. कर्नाटकात १९९५ च्या नियमांनी मान्यताप्राप्त शाळेला गणवेश ठरवायचा अधिकार दिला आहे. एकदा ठरवलेला गणवेश पाच वर्षं बदलता येत नाही आणि बदलायचा तर पालकांना वर्षभर आधी नोटीस द्यावी लागते. त्या नियमात केसांचा उल्लेख नाही, पण शिस्तीच्या नावाखाली शाळा असे नियम करतात आणि न्यायालयं सहसा त्यात हात घालत नाहीत. हिजाबच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये गणवेशाबाबत शाळांचीच बाजू उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयात त्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं फुटली, पण तो वाद धर्माचा होता. सोनेरी झुलपांसाठी अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य घेऊन धारवाड खंडपीठात जायचं म्हणाल तर मी वकीलपत्र घेणार नाही. फी वाया जाईल. केस नवसाचे असते तर वेगळा विचार केला असता. तेवढा नियम लेखी होता का, प्रवेशाच्या वेळी किंवा डायरीत दिला होता का, हे पाहून ठेवा.

आता कात्री. नियम मोडला तर शाळा पालकांना बोलावू शकते, डायरीत शेरा मारू शकते, लेखी समज देऊ शकते. २०२३ मध्ये बागलकोट जिल्ह्यातल्या एका सरकारी हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांनी तर गावातल्या सलूनवाल्यांनाच पत्र दिलं होतं की पोरांची ‘हेब्बुली’ (त्या कन्नड सिनेमातल्या हिरोसारखी) कटिंग करू नका. सलूनवाल्यांवर ते पत्र बंधनकारक नव्हतं, पण निदान कोणाच्या डोक्याला हात लागला नाही. तुमच्या मुलाच्या डोक्याला लागला, तोही चारचौघांत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला, दोन्हींना मनाई करतं आणि असं करणाऱ्या शिक्षकावर सेवानियमांनुसार कारवाई करायला सांगतं. कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. हा केंद्राचा कायदा आहे, सीमेवरच्या निपाणीच्या अलीकडे आणि पलीकडे सारखाच. मामाच्या जीआरचं मात्र तसं नाही. महाराष्ट्राचा शासन निर्णय कर्नाटकातल्या शाळेला लागू होत नाही, तो दाखवू नका. एक चुकीचा कागद दाखवला की बाकीचे बरोबर कागदही कोणी वाचत नाही.

यात एक मेख आहे. आपल्या भागात अनेक मराठी संस्थांकडे भाषिक अल्पसंख्याक दर्जा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका पीठाने त्या निकालाबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलं आहे, तोवर निकाल उभा आहे. म्हणून संस्थेला तो दर्जा आहे का, हे आधी विचारा. असला तरी शिक्षकाला कात्री चालवायची मोकळीक मिळत नाही. मर्जीविरुद्ध अंगावर बळ वापरणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे आणि ती सगळ्यांना लागू आहे. तुमचं कुटुंब अनुसूचित जातीचं किंवा जमातीचं असेल आणि शिक्षक तसे नसतील, तर गोष्ट आणखी गंभीर होते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात बळजबरीने मुंडण करण्यासारख्या अपमानकारक कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तसं असेल तर पुढचं वाचायच्या आधी वकील गाठा.

तसं नसेल तर आज पोलिसांत जाऊ नका. शिक्षकाने शिस्तीसाठी केलेल्या कृतीवर निकाल दोन्ही बाजूंचे आहेत, आणि तेरा वर्षांच्या पोराला जबाब देत फिरावं लागेल. ती वाट बंद होत नाही, हाताशी ठेवा.

मुलाच्या डोक्याचे फोटो आजच काढा, केस वाढतात. ते ग्रुपवर टाकू नका, मामालाही टाकू देऊ नका. पीडित मुलाची ओळख उघड करणं हा बालन्याय कायद्याखाली गुन्हा आहे. मग सलूनमध्ये नेऊन केस सरसकट बारीक करा. रंग आपोआप जातो आणि नियमही पाळला जातो. काळा डाय लावू नका, त्याने मुलांच्या त्वचेला त्रास होऊ शकतो आणि तो लावायची सक्ती शाळेला करता येत नाही. उद्या त्याला वर्गात नेऊन बसवा. सोबत मुख्याध्यापकांना अर्ज द्या, प्रत संस्थेच्या सेक्रेटरींना: काय झालं, कोणत्या तारखेला, घरी बसवलेल्या दिवसांची हजेरी कशी लावणार, आणि सरांवर काय कारवाई करणार. पोच घ्या. आठवड्यात उत्तर नाही आलं तर खानापूरचे बीईओ (गटशिक्षणाधिकारी), त्यांच्यावर बेळगावचे डीडीपीआय (जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक), आणि समांतर राज्य बालहक्क संरक्षण आयोग. आयोगाकडे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. अर्ज मराठीत द्यायचा हक्क घटनेच्या कलम ३५० ने दिला आहे, तरी कन्नड प्रत जोडा. हक्क सिद्ध करायचा तो दुसऱ्या दिवशी, आधी फाईल हलू दे.

शाळेच्या बदनामीचं म्हणाल, तर पट कमी होतोय, वर्ग बंद पडतायत, हे मलाही दिसतं. पण त्याची किंमत तुमच्या मुलाने का द्यावी? पालक अशा प्रकारांना कंटाळूनच मुलांची नावं काढतात. संस्थेच्या चांगल्या माणसांना हे कळतं, म्हणून पहिला अर्ज त्यांच्याकडे जाऊ द्या.

शेवटचं, आणि यात पालक हमखास फसतात. शाळा ‘काढून टाकलं’ असं कधी लिहीत नाही. ऑफिसात बोलावून एक अर्ज पुढे सरकवतात: ‘घरगुती कारणास्तव दाखला मिळावा, ही विनंती.’ त्यावर तुमची सही पडली की कलम १६ चा प्रश्नच उरत नाही, मुलाला तुम्हीच काढलं असं रेकॉर्डवर येतं. सही करू नका. फारच आग्रह झाला तर म्हणा, दाखला द्यायचं कारण तुम्ही लिहून द्या, मी घरी नेऊन वाचते.