चिन्ह आबांचं, माणूस नकोसा

निवडणूक लागली की हा प्रश्न घेऊन कोणीतरी येतंच: पक्ष आपला, पण उमेदवार मनातून उतरलेला. मत द्यायचं का?

विधानसभेच्या वेळी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले एक गृहस्थ आले होते (तपशील बदललेत). तक्रार झोपेची. पंधरा मिनिटं तालमीबद्दल बोलले, मग खिशातून पत्र्याचा बिल्ला काढला. रंग उडालेला, टाचणी गंजलेली.

"आमच्या आबांचा. हयातभर ह्याच चिन्हावर शिक्का मारला त्यांनी. आन आता तिकीट कुणाला, तर आमच्याच पोरांवर केसी घातलेल्या गड्याला! हात धजंना मॅडम. दुसऱ्याला दिलं तर आबांना काय तोंड दावू?"

आबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"आबांना कधीच उमेदवार नावडला नव्हता?" मी विचारलं. ते बराच वेळ बिल्ल्यावरून अंगठा फिरवत राहिले, मग एकदम हसले. "एकदा ऐन प्रचारात जोतिबाला जातो म्हणून गेले, ते मतदानादिवशी दुपारीच उगवले. मत कुणाला दिलं, ते आईलाबी सांगितलं न्हाई."

गाठ तिथेच सुटायला लागली. प्रचारात झेंडा धरणं वेगळं आणि यंत्रासमोर एकट्यानं उभं राहणं वेगळं, हे त्यांच्या घरात आधीच घडून गेलं होतं.

मग मताचा हिशेब मांडला. आमदार सभागृहात पक्षाच्या व्हीपला, म्हणजे मत कसं द्यायचं या आदेशाला, बांधलेला असतो. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानं तसं ठरलंय. (महाराष्ट्रात हे सांगताना मलाही हसू येतं.) त्यामुळे सरकार कोणाचं यावं हे महत्त्वाचं वाटत असेल, तर चिन्हाला वजन. नगरसेवक निवडताना माणसाला वजन जास्त. गटार तुंबलं की त्याच माणसाचं दार वाजवायचं असतं. 'नोटा' (वरीलपैकी कोणीही नाही) 2013 पासून आहे, पण विधानसभेला नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत पुढे असलेलाच निवडून येतो. नाराजी नोंदवायला ठीक, माणूस पाडायला नाही. उमेदवारांची शपथपत्रं, म्हणजे गुन्हे आणि मालमत्ता, ते लेकीच्या मोबाइलवर वाचून आले. एवढाच गृहपाठ मी दिला होता.

कोणाला द्या, हे मी सांगत नाही. त्यांनी दोनदा विचारून पाहिलं.

मतदानानंतर आले ते शाई लागलेलं बोट घेऊन. झोप लागते म्हणाले. मी काही विचारायच्या आत स्वतःच म्हणाले, "मत दिल्यावर यंत्रात ती चिठ्ठी सात सेकंद दिसत्या म्हणं. मी आपला भिंतीकडं बघत हुतो."