आजोबांचे कान आणि नातीचं ‘लिटरली’

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते, की इंग्रजी बिघडलंय म्हणणाऱ्यांनी आधी ते धड कधी होतं ते सांगावं. त्यावर पत्रांचा पाऊस पडलाय, काही पत्रांत मलाच इंग्रजी शिकवलंय. सहा निवडलीत, नावं काढून टाकलीत, लांबलचक होती ती कापलीत, तेव्हा राग मानू नका.

प्रश्न: ताई, सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला मुलीकडे आलोय. नात पंधरा वर्षांची. फोनवर मैत्रिणीशी बोलते तेव्हा दर तीन शब्दांनी ‘लाइक’. ‘आय वॉज लाइक’, ‘शी वॉज लाइक’. आणि दुसरं ते ‘लिटरली’. काल म्हणाली, ‘आय लिटरली डाइड’. आणि समोर उभी राहून पिझ्झा खातेय! हे ऐकून ऐकून अक्षरशः माझे कान किटलेत. अमेरिकेत शाळेत व्याकरण शिकवत नाहीत का?

उत्तर: आजोबा, तुमचंच पत्र परत वाचा, शेवटून दुसरी ओळ. ‘अक्षरशः माझे कान किटलेत.’ अक्षरशः? खरंच कीट धरलं असतं तर तुम्ही डॉक्टरकडे गेला असतात, मला पत्र नसतं लिहिलं. म्हणजे नातीने ‘लिटरली’चं जे केलंय तेच तुम्ही ‘अक्षरशः’चं केलंय, आणि त्यात काही चुकलं नाही, माणसं सगळीकडे असंच बोलतात, आधी ‘खरंच’ अशा अर्थाचा शब्द घ्यायचा आणि तो थापेला टेकू म्हणून लावायचा. इंग्रजीत हे कालपरवाचं नाही. १७६९ सालच्या एका कादंबरीत ‘लिटरली’ असंच वापरलेलं सापडतं, आणि मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन डिक्शनरीने हा अर्थ १९०९ मध्येच नोंदवलाय. नातीच्या पणजीच्याही आधीची गोष्ट.

‘लाइक’ची गंमत वेगळी आहे. ‘शी सेड’ म्हटलं की ती जे बोलली तेच शब्द सांगायची जबाबदारी येते. ‘शी वॉज लाइक’मध्ये ती सुटते, तिचा चेहरा, तिचा सूर, तिच्या मनात काय आलं असेल ते सगळं एका दमात सांगता येतं, कधीकधी तर पुढे शब्दच नसतात, नुसते डोळे फिरवायचे. आपल्याकडची पोरं काय म्हणतात? ‘मला असं झालं की अरे हे काय!’ तेच ते. फक्त मराठीतलं कानाला सवयीचं म्हणून टोचत नाही. आता दर तीन शब्दांनी हे जरा जास्त होतं, कबूल आहे, पण दर तीन शब्दांनी ‘म्हणजे’ म्हणणारी माणसं माझ्या घरात आहेत (एक तर मीच).

प्रश्न: माझा मुलगा ऑनलाइन गेम खेळतो, टीममध्ये इंग्लंडची मुलं आहेत. ती चॅटवर ‘कुड ऑफ’, ‘वुड ऑफ’ असं लिहितात आणि आता हाही तेच लिहायला लागलाय. चूक दाखवली तर म्हणतो, ते इंग्लिश आहेत, त्यांना जास्त कळतं का तुला?

उत्तर: तुम्हाला जास्त कळतं, बिनधास्त सांगा त्याला. ‘कुड हॅव’ बोलताना आखडून ‘कुड अव्ह’ होतं आणि भरभर बोलताना ‘ऑफ’चाही उच्चार ‘अव्ह’च होतो, दोन्ही ऐकायला सारखेच. त्या मुलांनी भाषा आईच्या कडेवर कानाने घेतली, लिहिणं नंतर आलं, म्हणून कान जे ऐकतो ते हात लिहितो. आपण उलटे. आपण इंग्रजी आधी फळ्यावर बघितलं, ‘हॅव’ डोळ्यांनी पाठ केलं, त्यामुळे ही चूक आपल्याला करायची म्हटली तरी सहज जमत नाही. आपल्याला जमते ती ‘आय डिडन्ट वेन्ट’. ती त्यांना जमत नाही. तेव्हा इंग्रज असणं आणि शुद्ध लिहिणं यांचा संबंध तेवढाच, जेवढा मराठी असण्याचा आणि ऱ्हस्व-दीर्घाचा. आपले दुकानांचे बोर्ड आठवा.

बोर्डावरून आठवलं, इंग्लंडमध्ये भाजीवाल्याच्या पाटीवर टोमॅटोच्या अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी (तो वर लटकणारा स्वल्पविराम) देतात, त्या चुकीला तिथे नावच पडलंय, भाजीवाल्याची अपॉस्ट्रॉफी. जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकाराने २००१ मध्ये अपॉस्ट्रॉफी वाचवायला चक्क संस्था काढली, त्याच वर्षी त्यांना इग् नोबेल हा गमतीचा पुरस्कारही मिळाला. २०१९ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांनी हात टेकले, लोक ऐकतच नाहीत म्हणाले. मला त्यांचं हसू येत नाही का कोण जाणे. बोर्डावरचं ‘पाववडा मीळेल’ बघून माझाही हात खडूकडे जातोच.

प्रश्न: पुण्यात आयटीत आहे. मी मेलमध्ये ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहिलं तर लंडनच्या टीममधला एक ज्युनिअर सगळ्यांसमोर हसला. हे खरंच चूक आहे का?

उत्तर: चूक नाही, जुनं आहे. हा वाक्प्रयोग त्यांच्याच पणजोबांच्या ऑफिसातला, साहेब गेला तरी आपण सांभाळून ठेवला, जसा पितळी डबा. त्या पोराला सांग की तू आजोबांवर हसतोयस. पण एक गोष्ट मनावर घे, ‘आय विल रिव्हर्ट’ सोड. आपण त्याचा अर्थ ‘उत्तर देते’ असा घेतो, आणि सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल उलटा फिरवणे. तू आपलं साधेपणाने लिहायचीस ‘उद्या रिव्हर्ट करते’ आणि तिकडे लोक घाबरायचे की रात्रभर केलेलं काम ही उद्या उडवणार. तसंच ‘मी २०१० ला कॉलेजमधून पास आउट झाले’, अमेरिकन माणसाच्या डोळ्यांसमोर तू कॉलेजच्या दारात चक्कर येऊन पडतेस. ‘प्रीपोन’ मात्र खुशाल वापर, ‘पोस्टपोन’ला उलटा शब्द त्यांच्याकडे रुळला नव्हता, आपण रुळवला, आता ऑक्सफर्ड डिक्शनरीतही आहे.

प्रश्न: भाची लंडनला शिकते. मैत्रिणीबद्दल बोलताना ती ‘दे’ म्हणते, म्हणजे एका व्यक्तीला अनेकवचन! कारण त्या व्यक्तीला ‘ही’ही नको आणि ‘शी’ही नको. माणसाच्या आवडीबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण व्याकरणाचा तरी खून करू नये.

उत्तर: काकू, तुमच्या यजमानांबद्दल तुम्ही काय म्हणता? ‘हे आले’, ‘हे जेवले’. किती जण आले? एकच ना? मग. आपण आदरासाठी एका माणसाला अनेकवचन देतो आणि कुणाचाही गोंधळ उडत नाही. इंग्रजीत तर ‘यू’ हेच मुळात अनेकवचन आहे. एकाला ‘दाउ’ म्हणायचे, आदरापोटी मोठ्या माणसांना ‘यू’ म्हणायला लागले, मग सगळ्यांनाच, आणि ‘दाउ’ बिचारा प्रार्थनेत उरला. सतराव्या शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी हट्ट धरला की आम्ही राजालाही ‘दाउ’च म्हणणार, एका माणसाला अनेकवचन म्हणजे खोटेपणा. तुमचाच मुद्दा, साडेतीनशे वर्षं आधी. लोकांनी त्यांना उद्धट ठरवलं. ‘दे’ एका माणसासाठी वापरणंही चौदाव्या शतकापासून चालू आहे, कोण ते माहीत नसेल तेव्हा, उदाहरणार्थ ‘कुणीतरी आपली छत्री विसरलंय’ हे सांगताना. शेक्सपिअर आणि जेन ऑस्टिन दोघांनीही वापरलंय. नवीन आहे ते एवढंच, की आता माहीत असलेल्या माणसालाही वापरतात, त्याचं स्वतःचं तसं म्हणणं असेल तर. मेरियम-वेब्स्टरने २०१९ चा शब्द म्हणून ‘दे’च निवडला होता.

प्रश्न: मी नाशिकची, सध्या मँचेस्टरला नोकरीला आहे. इथे ऑफिसात सगळे सर्रास शिव्या देतात, अगदी बॉसबाईसुद्धा. मी दिली नाही तर काकूबाई वाटते. देऊ का? आणि ‘ब्लडी’ ही शिवी आहे की नाही ते एकदा सांगा.

उत्तर: आधी ‘ब्लडी’. ‘ती फुलराणी’ ज्या नाटकावरून घेतलंय ते मूळ नाटक लंडनला १९१४ च्या एप्रिलमध्ये लागलं. फुलवाली पोर छान कपड्यांत, नव्याने शिकवलेल्या खानदानी उच्चारात बोलतेय, निघताना कुणीतरी विचारतं की बागेतून चालत जाणार का, आणि ती त्याच नाजूक उच्चारात ‘ब्लडी’ घालून सांगते की छे, टॅक्सीने जाणार. नाट्यगृहात हलकल्लोळ, पेपरात चर्चा. आज तोच शब्द तिथल्या आज्या बस चुकली की म्हणतात. आपल्या ‘च्यायला’सारखंच झालंय त्याचं, मूळ काय होतं ते कुणी मनात आणत नाही, आणलं तर जीभ चावावी लागेल.

शिव्या बदलत जातात. १६०६ मध्ये इंग्लंडात कायदाच केला होता, रंगमंचावर देवाचं नाव टवाळीने घेतलं तर १० पौंड दंड. तेव्हा सगळ्यात भयंकर शिवी म्हणजे देवाच्या जखमांची शपथ, लोक ती ‘झाउंड्स’ अशी चोरून म्हणायचे. आज ‘झाउंड्स’ला कोण घाबरतं?

आता देऊ का. माझ्या मते पहिलं वर्षभर नको. त्यांचा एफ-वर्ड आपण सिनेमातून उचलला, आईने कधी त्यावरून थोबाडीत दिली नाही, म्हणून तो आपल्याला हलका लागतो, नुसता मिठासारखा. मराठीतली तशीच शिवी तू बॉससमोर उच्चारून बघ, घशातून बाहेर येणार नाही. परकी शिवी तोंडात हलकी असते पण ऐकणाऱ्याला तिचं पूर्ण वजन लागतं, घोळ तिथे होतो. शिवाय त्याचंही व्याकरण असतं आणि ते फार कडक असतं! ‘ॲब्सोल्यूटली’च्या मधोमध ‘ब्लडी’ घालतात ना, ते कुठेही चालत नाही, जिथे उच्चाराचा जोर येतो त्या ‘ल्यू’च्या बरोब्बर आधी, ‘ॲब्सो-ब्लडी-ल्यूटली’. एक अक्षर इकडेतिकडे झालं तर सगळं ऑफिस ओळखतं की पाहुणी आहे. कुणी शाळेत शिकवलेलं नसतं, तरी तिथला एकही माणूस चुकत नाही.

घरी एकटी असशील आणि पायाचं बोट पलंगाला आपटलं तर मात्र मोकळेपणाने दे, मराठीत दे. कील विद्यापीठात २००९ मध्ये विद्यार्थ्यांना बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावले होते, शिवी देणाऱ्यांना तो जास्त वेळ ठेवता आला.

प्रश्न: तुम्ही सगळ्यांनाच माफ करत सुटलायत. ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’मध्येही फरक नाही म्हणाल. तुम्हाला इंग्रजीतलं काहीच खटकत नाही का?

उत्तर: मोजता न येणाऱ्याला ‘लेस’ आणि मोजता येणाऱ्याला ‘फ्यूअर’ म्हणायचं, हा तो नियम. तो मोडला तर नाही खटकत. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने आपल्याला काय बरं वाटतं ते लिहिलं आणि पुढच्यांनी त्याचा नियम केला. आपला एक ‘कमी’ साखरेलाही चालतो आणि माणसांनाही.

खटकतं ते व्याकरणात अगदी चोख असलेलं वाक्य. गेल्या पावसाळ्यात एका विमानतळावर सहा तास बसले होते, कुणी काही सांगेना, सोबत सासूबाई, त्यांच्या औषधाची वेळ टळून गेलेली, आणि फोनवर मेसेज आला, ‘एनी इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज रिग्रेटेड’. बघा हं. ‘एनी’ म्हणजे झाली असलीच तर. ‘कॉज्ड’, कुणी केली ते नाही. ‘रिग्रेटेड’, कोण दिलगीर आहे तेही नाही. चार-पाच शब्दांत सहा तास गायब, विमान कंपनी गायब, सासूबाईही गायब. माझं ऐकाल तर यापेक्षा ‘सॉरी हां, आमचं चुकलं’ असं मोडक्या इंग्रजीत कुणी येऊन म्हणालं असतं तरी मी चहा पाजला असता त्याला.

मी उत्तर पाठवलं, ‘एनी रिफंड रिसीव्हड विल बी ॲप्रिशिएटेड’. गेलंच नाही. त्या नंबरावर उत्तर घेत नाहीत म्हणे.